उन्हानं प्यालेली वीज

शेतात खोदलेलं, प्लास्टिक अंथरलेलं, ३० बाय ३० मीटरचं शेततळं डोळ्यासमोर आणा. लातूर-धाराशिवच्या एप्रिल-मे महिन्यातल्या उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला आठ मिलिमीटर उतरते, असं हिशेबासाठी धरू. हे आठ मिलिमीटर काठावर उभं राहून दिसतसुद्धा नाहीत. पण सगळ्या पृष्ठभागावर मोजले तर दिवसाला सात हजार लिटर होतात. सत्तर दिवसांचा उन्हाळा धरला, तर जवळपास पाच लाख लिटर. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून लातूरला पोहोचलेल्या पहिल्या ‘जलदूत’ रेल्वेच्या दहा वाघिणींत एवढंच पाणी होतं.

घरच्या पोहण्याच्या तलावाची वीज कशी वाचवावी, हा प्रश्न लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या संदर्भात चैनीचा वाटेल. पण शेतातल्या बंगल्यामागचा छोटा तलाव, कृषी पर्यटनासाठी बांधलेला हौद आणि पिकासाठीचं शेततळं या तिन्हींचं शास्त्र एकच आहे. पंप पाणी ढकलतो आणि ऊन ते उचलून नेतं. लहान तलावात पंप महाग पडतो, मोठ्या तळ्यात ऊन. आपल्याकडचं नुकसान कोणतं, हे आधी ओळखलं नाही तर उपाय भलत्याच जागी होतो.

परदेशी सल्ला, इथलं ऊन

या विषयावरचा बहुतेक सल्ला थंड देशांतून येतो. तिथं तलावाचा मोठा खर्च पाणी तापवण्याचा असतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता निघून जाते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या मते उघड्यावरच्या तलावातून जाणाऱ्या उष्णतेत सुमारे ७० टक्के वाटा बाष्पीभवनाचा असतो. म्हणून तिथं पहिला उपदेश एकच: तलाव झाका, हीटरचं बिल उतरेल.

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीचे काही आठवडे सोडले, तर पाणी तापवायची गरजच पडत नाही. उलट बाष्पीभवनामुळं माठातलं पाणी जसं गार राहतं, तसं तलावातलंही राहतं. त्यामुळं तिकडचं बुडबुड्यांचं पारदर्शक प्लास्टिक इथं मे महिन्यात अंथरलं, तर पाणी वाचेल, पण ते कोमट होईल आणि शेवाळाचं फावेल. थंडीत ते चालेल. उन्हाळ्यात मात्र ऊन अडवणारं, फिकट रंगाचं, अपारदर्शक आच्छादन हवं, किंवा तलावावर उंच ताणलेलं शेडनेट.

बिल वाढतं पंपाच्या खोलीत

आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी १.३५ मीटर खोल तलाव घ्या. त्यात सुमारे ४३ हजार लिटर पाणी मावतं. गाळणीतून हे पाणी फिरवायला बहुतेक ठिकाणी दीड हॉर्सपॉवरचा पंप बसवतात. तो साधारण १.४ किलोवॅट वीज ओढतो. सवयीनं आठ तास चालवला तर दिवसाला अकरा युनिट, महिन्याला सव्वातीनशेहून जास्त. महावितरणच्या घरगुती दरात तीनशे युनिटच्या पुढचा टप्पा महाग आहे. घरातल्या पंखे-फ्रिजची भर पडली की बिल सरळ त्या टप्प्यात जाऊन बसतं.

खरं तर असा पंप तासाला पंधरा हजार लिटर पाणी सहज फिरवतो. म्हणजे तीन तासांत तलावातलं सगळं पाणी एकदा गाळून होतं. मोजकी घरची माणसं पोहत असतील, तर दिवसाला एवढं बहुधा पुरतं. उरलेले पाच तास पंप स्वच्छ पाणीच पुन्हा गाळत बसतो. त्यामुळं पहिला उपाय म्हणजे टायमर. गावाकडे एक खबरदारी जास्त घ्यावी लागते. शेतपंपाच्या सवयीनं इथंही ऑटो स्टार्टर लावला, तर लाईट आली की पंप सुरू होतो आणि जाईपर्यंत थांबत नाही. तलावाच्या पंपाला तो नकोच.

दुसरा उपाय आहे वेगाचा. पंपाचा वेग निम्मा केला की पाणी निम्मंच येतं, पण वीज निम्मी नव्हे, सिद्धांतानुसार आठव्या हिश्श्यावर येते. प्रत्यक्षात घर्षण आणि मोटारीतल्या तुटीमुळं ती पाचव्या हिश्श्यापर्यंत उतरते, असं धरू. मग तेच पाणी गाळायला सहा तास लागले तरी महिन्याचा खर्च पन्नास-साठ युनिटांवर येतो. कमी-जास्त वेगाचे हे पंप महाग असतात, पण अमेरिकेनं जुलै २०२१ पासून तलावाच्या नव्या पंपांना कार्यक्षमतेचे जे नियम लावले, त्यामागे हेच गणित आहे. साध्या सिंगल फेज मोटारीला बाहेरून वेग-नियंत्रक जोडून मात्र हे साधत नाही. पंपच त्यासाठी बनवलेला लागतो.

तिसरा उपाय बांधकामाच्या वेळीच करायचा. दीड इंचीऐवजी दोन इंची पाइप टाकला, तर तेवढ्याच प्रवाहाला होणारं घर्षण सुमारे एक चतुर्थांशावर येतं. एल्बो जितके कमी तितकं बरं. पाइपातला हा फरक किरकोळ पैशांचा असतो, पण फरशी बसल्यावर तो दुरुस्त करता येत नाही. आणि क्लोरीन टाकायचं ते दिवस मावळल्यावर. स्थिरक (क्लोरीन उन्हात टिकवणारं रसायन) नसलेलं क्लोरीन भर उन्हात तासाभरात निम्म्याहून जास्त नष्ट होतं, मग ते भरून काढायला पुन्हा औषध आणि पुन्हा पंप.

खोल, अरुंद आणि सावलीत

पाण्याला उन्हापासून जपायची विद्या मराठवाड्याला नवी नाही. परभणी जिल्ह्यातल्या वालूरच्या बारवेसारख्या जुन्या बारवा पाहिल्या की ती दगडात वाचता येते. पाणी खोल, त्याचा उघडा पृष्ठभाग लहान, भोवती दगडी भिंतींची सावली. वारा पाण्यापर्यंत पोहोचत नाही आणि ऊन काही वेळच पडतं. बाष्पीभवन पाण्याच्या खोलीवर नव्हे, उघड्या पृष्ठभागावर ठरतं. म्हणून तेवढंच पाणी पसरट हौदापेक्षा खोल हौदात कमी उडतं. वाऱ्याच्या बाजूला भिंत किंवा बांबूचं दाट कुंपण केलं तरी फरक पडतो.

जगातही याच दिशेनं प्रयोग झाले. लॉस एंजलिसनं २०१५ मध्ये एका जलाशयावर ९ कोटी ६० लाख काळे प्लास्टिकचे गोळे सोडले. हेतू मुख्यतः पाण्याची गुणवत्ता जपण्याचा होता, बाष्पीभवनही घटलं. पण गोळे बनवायलाही पाणी खर्ची पडतं, हे पुढं अभ्यासकांनी दाखवून दिलं. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या चंद्रासनला २०१२ मध्ये कालव्यावरच एक मेगावॅटची सौर पॅनेलं बसवली. सावलीही झाली आणि वीजही मिळाली.

किल्लारीची जमीन, किल्लारीचं वजन

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावरचं मातीचं माळवद यांनी घात केला. त्या वेळी हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या झोनमध्ये धरला जात होता. पुढं मानक बदललं आणि लातूर तिसऱ्या झोनमध्ये आलं. म्हणून इथं गच्चीवरचा तलाव हा विचारच बाजूला ठेवावा. ४३ हजार लिटर म्हणजे ४३ टन वजन, आणि हलणारं पाणी ते स्थिर राहू देत नाही. शिवाय तेवढं पाणी वर चढवायची वीज वेगळीच.

जमिनीतल्या तलावाचा शत्रू काळी माती. ती ओलीनं फुगते, उन्हानं भेगाळते आणि भिंतीला तडा देते. गळका तलाव रोज भरायचा म्हणजे गळती आणि वीजबिल एकत्रच भरायचं. काळी माती काढून मुरूम भरणं आणि भिंतीचं काम अभियंत्याकडून करून घेणं, ही वीज वाचवण्याचीही पहिली पायरी आहे.

न येणारं बिल

आता पुन्हा शेततळ्याकडे. २०१६ मध्ये राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. मूळ कल्पना पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवण्याची. पण अनेक ठिकाणी तळं बोअरच्या पाण्यानं भरलं जातं. पाचशे फुटांवरून हजार लिटर पाणी वर आणायला सबमर्सिबल पंपाला साधारण एक युनिट लागतं. म्हणजे भर उन्हाळ्यात दिवसाला उडणारं सात हजार लिटर हे सात युनिट झाले, महिन्याला दोनशेहून जास्त. मघाच्या तलावाचं तेच गणित केलं, तर महिन्याला उडणारं पाणी पुन्हा भरायला जेमतेम आठ युनिट पुरतात. म्हणून तलावात पंप आधी आणि तळ्यात झाकण आधी.

गोची अशी की तळ्याचं हे बिल कुणाच्या हातात पडत नाही. २०२४ पासून बळीराजा योजनेत साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतपंपांना वीज मोफत आहे. शेतकऱ्याला त्याचा आधार हवाच, पण मोफत वीज बोअरमधलं पाणी परत भरत नाही. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी अडवून भरणं, तळं रुंद करण्यापेक्षा खोल खोदणं आणि उन्हाळ्यात जमेल तेवढ्या पृष्ठभागावर शेडनेट टाकणं, एवढं केलं तरी भूजलाचा उपसा कमी होतो. प्लास्टिकचा उतार निसरडा असतो, त्यात पडलेल्या माणसाला वर येता येत नाही. त्यामुळं कुंपण, काठाला बांधलेले दोर आणि तरंगत्या ट्यूब हव्यातच. तलावावरचं तरंगतं आच्छादनही पोहण्याआधी पूर्ण काढायचं, खाली मूल अडकू शकतं.

खर्चाचा क्रम

बहुतेकांच्या मनात आधी सौर पॅनेल येतं. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे आणि त्यातून चांगल्या दिवशी बारा युनिटच्या आसपास वीज मिळते. पण आठ तास चालणारा पंप त्यातले अकरा एकटाच खातो. म्हणून आधी टायमर, मग सावली, मग कमी वेगाचा पंप, आणि सौर पॅनेल सगळ्यांत शेवटी. गरज उतरल्यावर तीच पॅनेलं घरालाही पुरतात.

सुरुवातीला मात्र पैसाच लागत नाही. पंप बंद ठेवून, कुणी पोहणार नाही अशा दिवशी, एक बादली पाण्यानं भरून तलावाच्या पायरीवर निम्मी बुडेल अशी ठेवा. आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीला आणून दोन्हीकडे खूण करा आणि चोवीस तासांनी पट्टीनं मोजा. दोन्ही सारखंच उतरलं असेल, तर पाणी उन्हानं नेलं, आच्छादन घ्या. तलावातलं जास्त उतरलं असेल, तर भिंतीतून किंवा पाइपातून गळतंय, आच्छादनाआधी गवंड्याला बोलवा.