आईने पाणी का टाळले?

मणिबेलीला एकदा जाऊन यावे, ही आईची जुनी इच्छा. बाबांनी तरुणपणी नर्मदा परिक्रमेत तेथील शूलपाणेश्वराचे दर्शन घेतले होते. सरदार सरोवराच्या पाण्याची झळ महाराष्ट्रात सर्वप्रथम लागली ती अक्कलकुवा तालुक्यातील याच गावाला. १९९४ साली जगभरच्या संघटनांनी जागतिक बँकेला उद्देशून काढलेला जाहीरनामाही मणिबेलीच्याच नावाने ओळखला जातो. ते जुने मंदिर आज जलाशयाखाली आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब निघालो. सुमारे ११५० मीटर उंचीवरील तोरणमाळला मुक्काम केला. यशवंत तलाव, सीताखाई पाहिली. दुसऱ्या दिवशी तळोदा, अक्कलकुवा करीत मोलगीच्या रस्त्याला लागलो. वळणांमागून वळणे. चहासाठी गाडी थांबली, ७८ वर्षांची आई उतरली आणि दोन पावलांतच मटकन खाली बसली.

वाटेतल्या दवाखान्यात तिचा रक्तदाब आडवे असताना ठीक, पण उभे राहताच पुष्कळ खाली येत होता. डॉक्टरांनी एवढेच विचारले, “आजी, सकाळपासून पाणी किती प्यालात?” आई गप्प. रक्तदाबासाठीची, लघवी वाढवणारी गोळी तिने नेमाने घेतली होती; पाणी मात्र घोटभरही नाही. “डोंगरात बाईमाणसाने जायचे कुठे?” हे तिचे उत्तर ऐकून मला स्वतःचीच लाज वाटली. मी गाडीचे टायर तपासले होते, हा प्रश्न मनातही आणला नव्हता.

वयोमानाने तहानेची जाणीव मंदावते. त्यावर संकोचाची भर पडली की शरीर नकळत सुकत जाते. अशा वेळी ‘पाणी पी’ असा धोशा लावून उपयोग होत नाही. आधी आडोशाची सोय करावी लागते. घडीची शौचखुर्ची आणि जुन्या साडीचा पडदा गाडीत सहज मावतो. दर दीड-दोन तासांनी, ज्येष्ठांनी न मागताच, थांबावे. उतरण्यापूर्वी त्यांनी दारात बसून मिनिटभर घोटे हलवावेत, मग आधार घेऊन उभे राहावे. लघवीची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. प्रवासाच्या दिवशी ती केव्हा घ्यावी, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाणी आणि मीठ-साखरेचे पेय किती चालेल, हेही विचारून ठेवावे. घाटात मळमळू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी वृद्धांना ग्लानी येते, लघवी तुंबते, क्वचित भ्रमही होतो. शेजाऱ्याने दिलेली गोळी म्हणूनच नको.

त्या दिवशी आम्ही मागे फिरलो. आई रुसली, दोन दिवस नीट बोलली नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो, या वेळी सावकाश, थांबत थांबत. मणिबेलीला पोचल्यावर मंदिर कुठे होते, असे तिने विचारले. एका गावकऱ्याने पाण्याकडे बोट दाखवले. ती बराच वेळ काठावर बसून राहिली.

आता मेळघाटातील गुगामल राष्ट्रीय उद्यानाचा बेत आहे. सामानाची यादी आईनेच केली आहे. साडीचा पडदा पहिल्या ओळीत आहे.