ताटातलं तूप आणि यकृतातली चरबी

रात्री भात-पोळी सोडली, नुसती भाजी आणि ताक घेतलं, तरी सकाळी उपाशीपोटीची साखर १४० येते, ही मधुमेहींची नेहमीची तक्रार. पथ्याचा काही उपयोग नाही, असा निष्कर्ष त्यातून काढला जातो आणि दुसऱ्या दिवशी पोळी परत ताटात येते. पण सकाळची ती साखर जेवणातून आलेली नसते, ती रात्रभर यकृताने तयार केलेली असते. निरोगी शरीरातही यकृत रात्री रक्तात ग्लुकोज सोडतं, कारण मेंदूला झोपेतही इंधन लागतं. किती सोडायचं यावर इन्सुलिनचा लगाम असतो. यकृतात चरबी साठली की हा लगाम सैल पडतो आणि गरज नसताना ग्लुकोज बाहेर पडत राहतं. म्हणजे वाढलेली साखर आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टमधलं ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ हे बहुतेकांच्या बाबतीत दोन वेगळे आजार नसतात. टाइप २ मधुमेहात ती एकाच बिघाडाची दोन टोकं असतात, आणि उपचारही तसाच एकत्र व्हायला हवा.

प्रत्यक्षात मात्र दोन रिपोर्टांची दोन पथ्यं होतात. साखरेसाठी गोड बंद, यकृतासाठी तेल-तूप बंद. मग शेंगदाणे, अंडी, पनीर ताटातून जातात आणि त्यांच्या जागी मुरमुरे, खाकरा, टोस्ट, फळांचा रस येतो. यामागची समजूत अशी की यकृतातली चरबी म्हणजे खाल्लेलं तेल-तूपच तिथे जाऊन बसलेलं. ही समजूत तपासली गेली आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात फॅटी लिव्हरच्या रुग्णांना खूण केलेली स्निग्धाम्लं देऊन यकृतातल्या चरबीचा उगम शोधला गेला. सुमारे ५९ टक्के चरबी शरीराच्या मेदसाठ्यातून रक्तावाटे आलेली होती, २६ टक्के यकृताने स्वतः मुख्यतः कर्बोदकांपासून बनवलेली होती आणि आहारातल्या स्निग्ध पदार्थांतून थेट आलेली केवळ १५ टक्के होती. रक्तात इन्सुलिन सतत चढं असलं की यकृताचा हा चरबीचा कारखाना जोरात चालतो. फळांच्या रसातल्या आणि साखरेतल्या फ्रुक्टोजचा तर बराचसा भाग यकृतातच खर्ची पडतो आणि त्याचीही सहज चरबी होते. तेव्हा यकृत जपायचं म्हणून तूप सोडून रस पिणारा माणूस नेमकं उलटं करत असतो.

कर्बोदकं कमी केल्याने यकृतावर काय होतं, हेही मोजलं गेलं आहे. टेक्ससमधल्या डॅलस शहरात झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फॅटी लिव्हरच्या १८ जणांचे दोन गट केले. एकाला दिवसाला २० ग्रॅमहून कमी कर्बोदकं, दुसऱ्याला फक्त कमी कॅलरी. दोन आठवड्यांत दोन्ही गटांचं वजन जवळपास सारखंच घटलं, यकृतातली चरबीही दोघांची उतरली, पण कर्बोदकं तोडणाऱ्यांची जास्त. प्रयोग लहान आणि अल्पकाळाचा, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. तरीही कमी कर्बोदकांच्या आहाराने यकृत बिघडतं, ही भीती निदान या प्रयोगात खरी ठरली नाही.

पण म्हणून वाटीभर तूप आणि लोण्याचे गोळे खायला मोकळीक मिळाली, असं मुळीच नाही. फिनलंडमध्ये जास्त वजनाच्या माणसांना तीन आठवडे रोज १,००० कॅलरी जास्तीच्या खायला घातल्या. त्या साखरेतून घेणाऱ्यांच्या यकृतातली चरबी ३३ टक्क्यांनी वाढली, मुख्यतः ऑलिव्ह तेल, पेकन अशा असंतृप्त स्निग्धांतून घेणाऱ्यांची १५ टक्क्यांनी, आणि लोणी, चीज, खोबरेल अशा संतृप्त स्निग्धांतून घेणाऱ्यांची तब्बल ५५ टक्क्यांनी. मर्यादेत राहून चमचाभर तूप आणि गरजेहून जास्त खाताना ओतलेलं तूप या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अगदी कमी कर्बोदकांच्या ‘किटो’ आहाराच्या नावाखाली दुसरी गोष्ट करणाऱ्यांनी हे आकडे मनात ठेवायला हवेत.

कर्बोदकांनाच दोष देण्यावरचा आक्षेप अधिक वजनदार आहे. इंग्लंडमधल्या न्यूकासलच्या प्रा. रॉय टेलर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेहाच्या ११ रुग्णांना आठ आठवडे रोज सुमारे ६०० कॅलरींवर ठेवलं. आठवड्याभरात उपाशीपोटीची साखर सामान्य पातळीवर आली आणि यकृतातली चरबी जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने घटली. पुढे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत अशाच कमी कॅलरींच्या सूप-शेकवर ठेवलेल्यांपैकी एका वर्षाने ४६ टक्के रुग्ण औषधाविना मधुमेहमुक्त पातळीवर होते. १५ किलो किंवा अधिक वजन घटवणाऱ्यांत हे प्रमाण ८६ टक्के. आणि त्या सूप-शेकमधली निम्म्याहून जास्त ऊर्जा कर्बोदकांचीच होती! याचा अर्थ कर्बोदकं निर्दोष, असा नव्हे. यकृत रिकामं होणं महत्त्वाचं, आणि तिथे पोचायच्या वाटा एकाहून अधिक आहेत, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे कर्बोदकं कमी करण्याची वाट सोयीची ठरते, कारण जास्तीचं अन्न मुख्यतः तिथेच आहे. आयसीएमआर-इंडियाब सर्वेक्षणानुसार भारतीयांच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, प्रथिनं मात्र तुटपुंजी. शिवाय मैदा-पांढऱ्या तांदळाऐवजी गहू किंवा भरडधान्याचं पीठ घेतलं, पण एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी दिसला नाही.

ज्वारीवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदकं असतात, कणकेपेक्षा कमी नाहीतच. मोठ्या दोन भाकऱ्यांना दीडशे ग्रॅम पीठ लागलं, तर शंभर ग्रॅम कर्बोदकं तिथेच झाली. एक भाकरी, दुप्पट भाजी आणि घट्ट उसळ किंवा अंडी-मासे, असा बदल पीठ बदलण्यापेक्षा खूप जास्त काम करतो. उपासाचा साबूदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, आणि गुळात खनिजं थोडी जास्त असली तरी तोही मुख्यतः साखरच.

‘मी बारीक आहे, दारूला शिवत नाही, मला फॅटी लिव्हर कसं होईल?’ याचं उत्तर पुण्यातच मिळालं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा २००४ मधला ‘लॅन्सेट’मधला फोटो प्रसिद्ध आहे. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. बारीक दिसणाऱ्या शरीरातही चरबी दडलेली असू शकते, म्हणून भारतीयांनी काट्यापेक्षा कमरेकडे बघावं, पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत. बारीक माणसालाही थोडं वजन घटवून फायदा होतो. टेलर यांच्या नंतरच्या एका अभ्यासात फारसं जास्त वजन नसलेल्या २० मधुमेहींपैकी १४ जणांचा मधुमेह मागे हटला. यकृताच्या रक्ततपासणीतलं एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणूनही निर्धास्त राहू नये, बऱ्याच रुग्णांत ते नॉर्मलच असतं. यकृतात वण पडायला लागलेत का, हे फायब्रोस्कॅनने किंवा वय आणि साध्या रक्तचाचण्यांवरून काढलेल्या फिब-४ या आकड्याने कळतं.

राहिला औषधांचा प्रश्न, आणि इथे निष्काळजीपणा महागात पडतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असताना भात-पोळी एकदम निम्मी केली आणि डोस तोच ठेवला, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. म्हणून आहार बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलून डोस ठरवावा. मूत्रपिंडाचा आजार किंवा गरोदरपण असेल तर हा आहार स्वतःहून सुरूच करू नये. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवर असणाऱ्यांनी कर्बोदकं फार तोडली तर रक्तात किटोन आम्लं साचण्याचा धोका असतो आणि तेव्हा साखर फारशी वाढलेली नसतेही. त्यामुळे या गोळ्या घेणाऱ्याला मळमळ, उलट्या, पोटदुखी किंवा धाप लागली, तर ग्लुकोमीटरवर १८० दिसतंय म्हणून घरी थांबू नये, लगेच रुग्णालयात जाऊन किटोन तपासून घ्यावेत.