अंगणातलं बावखल

वसईच्या पश्चिम पट्ट्यात गिरीज, भुईगाव, निर्मळ, आगाशी या बाजूला जुन्या वाड्यांतून चालताना केळीच्या रांगांआड अचानक पाणी लागतं. काठावर उंबर नाहीतर करंज, पाण्यावर कुमुदाची पानं, फांदीवर टपून बसलेला खंड्या. हे बावखल. ना फरशी, ना कारंजं. पावसाळ्यात वाडीतलं पाणी त्यात उतरायचं आणि हळूहळू जमिनीत मुरायचं. काठावर रहाट असे. बैल नाहीतर रेडा गोल फिरू लागला की माळेवरचे लोटे एकामागून एक भरून वर येत, पन्हळीत रिकामे होत आणि पाणी पाटातून केळी, पानवेली, फुलझाडांच्या आळ्यांपर्यंत जाई. उन्हाळ्यात तळाचा गाळ काढायचा, तोही झाडांच्याच बुंध्याशी टाकायचा.

घराच्या अंगणात छोटं तळं करायची हौस अलीकडे वसई-विरारमध्येही वाढते आहे. त्यासाठी लोक रंगीत टाइल्स, धबधबे आणि दिव्यांची चित्रं पाहतात. खरं तर कमी देखभालीच्या तळ्याचा उत्तम नमुना त्यांच्या शेजारच्या वाडीतच आहे. बावखलाला रोज घासावं लागत नाही, कारण तिथे वनस्पती, मासे, बेडूक आणि गाळातले जिवाणू आपापलं काम करत असतात.

सुरुवात जागेपासून करावी. कुमुदाला रोज चार-सहा तास ऊन लागतं, त्यामुळे आंब्या-फणसाखालची जागा टाळलेली बरी. तिथे पानगळही पाण्यात पडते, कुजते आणि पाणी काळपट होतं. आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि दोन फूट खोल तळ्यात सव्वादोन हजार लिटरच्या आसपास पाणी मावतं. यापेक्षा उथळ केलं तर एप्रिल-मेच्या उन्हात पाणी तापतं आणि मासे तग धरत नाहीत. निदान एका बाजूला काठ उतरता ठेवावा. उभ्या भिंतीच्या हौदात पडलेल्या बेडकाला किंवा सरड्याला बाहेर पडता येत नाही.

किनाऱ्याजवळच्या रेताड जमिनीत नुसता खड्डा खणून भागत नाही. दिवाळीनंतर भूजल खाली जातं आणि उथळ खड्डा कोरडा पडतो. म्हणून शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद अंथरावा. त्याआधी तळाचे खडे आणि मुळं वेचून काढावीत आणि बारीक वाळूचा थर द्यावा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात कागदाला भोकं पडतात.

झाडं लावायची रीत सोपी आहे. जुन्या घमेल्यात बागेतली चिकणमाती भरायची, कुमुदाचा कंद त्यात तिरका रोवायचा, वर मूठभर खडी पसरायची आणि घमेलं अलगद पाण्यात सोडायचं. शेणखत मात्र घालू नये. जास्तीच्या खतावर आधी शेवाळ पोसतं आणि आठवड्याभरात पाणी हिरवंगार होतं. काठाच्या उथळ भागात वेखंड छान वाढतं. निम्म्याहून थोडा अधिक पृष्ठभाग पानांनी झाकला गेला की खाली ऊन कमी पोहोचतं आणि शेवाळही आवरतं. जांभळ्या फुलांची जलपर्णी कितीही देखणी वाटली तरी घरी आणू नये. काही आठवड्यांत ती सगळं पाणी व्यापते.

डासांची भीती रास्त आहे. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. त्यावर गप्पी मासे सोडणं हा सर्वांना ठाऊक असलेला उपाय आहे. घरच्या तळ्याला थोडेच पुरतात, आणि त्यांना वरून खाणं घालू नये. पोट भरलेला मासा अळ्यांकडे फिरकत नाही, आणि उरलेलं खाणं पाणी नासवतं. हे मासे नाल्यात किंवा नैसर्गिक तळ्यात मात्र सोडू नयेत, तिथल्या स्थानिक माशांना त्यांचा त्रास होतो. नळाचं पाणी भरलं असेल तर क्लोरीन उडून जाण्यासाठी एक-दोन दिवस थांबून मगच मासे सोडावेत. कारंज्याची गरज नाही. कुमुदाला पानांवर सतत उडणारं पाणी मानवतही नाही.

वसईकरांना पाण्याचं मोल नव्याने सांगावं लागत नाही. इथल्या किनारपट्टीत गोड पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगतो. उपसा जास्त झाला की विहिरीत खारेपणा शिरतो. विहिरींतलं पाणी टँकरने बाहेर विकलं जाऊ लागलं तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं, ते याच धास्तीपोटी. पावसाचं पाणी जिरवणारी बावखलं मातीभरावाने बुजत गेली, आणि जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपाऱ्यात पाणी साचून राहिलं तेव्हा पाण्याला जायला आणि मुरायला जागा असण्याचं महत्त्व पुन्हा समोर आलं. प्लॅस्टिक घातलेलं अंगणातलं तळं ती उणीव भरून काढणार नाही. ज्यांच्या वाडीत जुनं बावखल अजून शिल्लक आहे, त्यांनी नवं तळं करण्याआधी त्याचाच गाळ काढावा.

नवं करणाऱ्यांनी सांडव्याची जागा मात्र आधी ठरवावी. काठाच्या किंचित खाली एक पाइप बसवावा, तोंडाला जाळी लावावी आणि जादा पाणी केळीच्या आळ्यात किंवा शोषखड्ड्यात सोडावं. मे अखेरीस जाळीतला पालापाचोळा काढला की पावसाळ्याची काळजी मिटते. पुढे महिन्यातून एकदा पिवळी पानं कापायची आणि उन्हाळ्यात उडालेलं पाणी भरायचं. घरात लहान मूल असेल तर पाण्याच्या दोन-तीन इंच खाली लोखंडी जाळी बसवून घ्यावी. कुमुदाची पानं तिच्यातूनही वर येतात.