सौदापट्टीपासून यूजर स्टोरीपर्यंत

सायखेड्याच्या उपबाजार आवारात कांद्याचे ट्रॅक्टर रांगेने उभे राहतात. व्यापारी एका ट्रॉलीपुढून दुसरीपुढे सरकत बोली लावतात. क्विंटलचा भाव ठरतो, सौदापट्टी लिहिली जाते आणि गाडी भुईकाट्याकडे वळते. आधी भरलेल्या गाडीचे वजन, मग रिकाम्या गाडीचे, आणि शेवटी हिशोबपट्टी. गोदाकाठच्या व्यापारी घरांत हा क्रम मुलांना शाळेच्या वयातच ठाऊक होतो. अशा घरातील मुलगी पुढे बिझनेस अ‍ॅनालिस्ट झाली, तर तिच्या नव्या कामाची निम्मी तयारी पेढीवरच झालेली असते.

बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणजे व्यवहार जाणणारे आणि संगणक प्रणाली घडविणारे यांच्यामधील दुभाषा. त्याचे मुख्य साधन यूजर स्टोरी. केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या कार्यपद्धतीतून १९९०च्या दशकात ते पुढे आले. पुढे त्याला तीन भागांचा साचा मिळाला: कोणाला हवे, काय हवे आणि कशासाठी हवे. पहिले दोन भाग सर्वांनाच जमतात. चूक होते ती तिसऱ्यात. ‘मुनीम म्हणून मला हिशोबपट्टी छापता यावी, म्हणजे हिशोबपट्टी मिळेल,’ असे वाक्य साच्यात चपखल बसते. पण त्यातून काहीच कळत नाही.

‘कशासाठी’ का महत्त्वाचे, हे कांदा बाजाराने पाहिले आहे. जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे, भाजीपाला व कांदा-बटाट्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा नियम आणला. ‘शेतकऱ्याच्या पट्टीतून आडत कापावी’ एवढेच लिहून बांधलेली प्रणाली त्या दिवशी चुकीची ठरली असती. ‘प्रत्येक कपात कोणाकडून, कोणत्या दराने आणि का, हे पट्टीवर दिसावे; म्हणजे हिशेबावर वाद होणार नाही,’ असे लिहिले असते, तर नियम बदलला तरी पट्टी टिकली असती.

खरी परीक्षा मात्र वांध्याची. लिलावात वरचा माल पाहून भाव ठरतो. खळ्यावर ट्रॉली खाली होताना आत गोल्टी किंवा खराब कांदा निघतो आणि व्यापारी भाव कमी करू पाहतो. समजा २२ क्विंटलची ट्रॉली १,८०० रुपयांवरून १,७०० वर आली. शेतकऱ्याचे २,२०० रुपये गेले. प्रणालीत भावाचा एकच रकाना असेल, तर मुनीम जुना आकडा पुसून नवा घालणार आणि १,८०० ची बोली झालीच नव्हती असे दिसणार. येथे स्टोरी मुनीमाची नसून शेतकऱ्याची लिहावी लागते: ‘शेतकरी म्हणून मला मूळ भाव, बदललेला भाव आणि कारण पट्टीवर दिसावे, म्हणजे पैसे कमी का आले हे घरी सांगता येईल.’ सॉफ्टवेअरचे पैसे पेढी देते, म्हणून तिलाच एकमेव वापरकर्ता समजण्याची चूक अनुभवी विश्लेषकही करतात. पट्टीवरचा विश्वास उडाला, तर पुढच्या हंगामात ती ट्रॉली दुसऱ्या पेढीपुढे उभी राहते.

रॉन जेफ्रीज यांनी २००१ मध्ये स्टोरीचे तीन घटक सांगितले: कार्ड, संवाद आणि खातरजमा. वांध्याच्या कार्डामागे खातरजमेच्या अटी अशा येतील: मूळ भाव कोणालाही पुसता येऊ नये, शेतकऱ्याची संमती नोंदल्याशिवाय नवी पट्टी निघू नये, त्याने नकार देऊन माल परत नेला, तर सौदा रद्द झाल्याची नोंद राहावी, वाद बाजार समितीकडे गेला, तर पट्टी थांबावी. हे सारे एका कार्डात कोंबू नये. वांधा नसलेली एक ट्रॉली, एक भाव, एक पट्टी, एवढे आधी चालवून दाखवावे.

अशा अटी कार्यालयात बसून सुचत नाहीत. त्यासाठी काट्यापाशी उभे राहावे लागते, आणि ‘तुम्हांला सॉफ्टवेअरमध्ये काय हवे?’ हा प्रश्न तेथे निरुपयोगी असतो. मुनीमजींना विचारावे, ‘याआधी लिहिलेली पट्टी फाडून दुसरी कधी लिहावी लागली?’ मग वही बाजूला ठेवून ऐकत राहावे.