सोंग घेतलेला मास्तर
शिकवणाऱ्यांचं शिकणं : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण बी.एड.च्या इंटर्नशिपपाशी थांबलो होतो. आज ज्या विषयाला छात्राध्यापक खासगीत ‘गॅदरिंगचा पेपर’ म्हणतात, तो घेऊ. २०१४ च्या नियमावलीनं बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि ‘शिक्षणात नाट्य आणि कला’ हा भाग अभ्यासक्रमात आला. हेतू नेक होता. पण बऱ्याच ठिकाणी त्याची फाईल झाली. वारली चित्राचं एक पान, व्यसनमुक्तीवरचं एक पथनाट्य, त्याचे चार फोटो आणि खाली सही. दुसऱ्या दिवशी तोच छात्राध्यापक वर्गात उभा राहून धडा वाचून दाखवतो.

गोंधळ इथेच आहे. शिक्षकाला नट करायचं, असं आपण धरून चाललो. खरं तर त्याला सोडवायचंय ते ‘मला सगळं येतं’ या त्याच्या कायमच्या सोंगातून.

उदाहरण म्हणून वऱ्हाडातलं मूर्तिजापूर घेऊ. तिथल्या छात्राध्यापकाला यासाठी फार लांब जायला नको. तालुक्यातच दापुरे आहे. १८७६ साली शेंडगावात जन्मलेला डेबूजी वडील गेल्यावर आईबरोबर इथे मामाकडे आला, गुरं राखली, शेती केली. शाळेचं तोंड पाहिलं नाही. पुढे हेच गाडगेबाबा; अमरावती विद्यापीठाला आज नाव त्यांचंच आहे. त्यांचं कीर्तन शिक्षकानं भक्तिभावाबरोबरच पाठ निरीक्षणाच्या नजरेनंही ऐकावं. १९५६ साली मुंबईत झालेल्या त्यांच्या एका कीर्तनाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. अंगावर चिंध्या, हाती खराटा, डोक्यावर गाडगं ही वेशभूषा लोकांच्या लक्षात राहते. मला महत्त्वाची वाटते ती प्रश्नांची साखळी. बाबा अडाण्याची भूमिका घेत, साधा प्रश्न टाकत, उत्तर समोरच्यांकडूनच काढत आणि त्या उत्तरालाच पुढचा प्रश्न अडकवत. कर्ज काढून जेवणावळ घालू नका, हे मग लोकच म्हणत.

ब्रिटनमध्ये डोरोथी हेथकोट यांनी वर्गासाठी जवळपास हीच गोष्ट बांधून काढली. वयाच्या चौदाव्या वर्षी त्या यॉर्कशरमधल्या लोकरीच्या गिरणीत कामाला लागल्या होत्या. पुढे न्यूकॅसल विद्यापीठात शिक्षक घडवू लागल्या. त्यांच्या पद्धतीत शिक्षक स्वतः एका पात्राच्या भूमिकेत शिरतो, आणि बहुधा ते पात्र मुलांपेक्षा कमी जाणणारं असतं.

आता हे मूर्तिजापुरात करून पाहू. आठवीचा इतिहास, विषय इंग्रजी राजवटीतला व्यापार. गावात जंक्शन आहेच. यवतमाळ आणि अचलपूर या दोन्ही बाजूंनी ‘शकुंतला’ रेल्वेची अरुंद रूळवाट इथे येऊन मुंबई–नागपूर मार्गाला मिळायची. ती खासगी इंग्रजी कंपनीनं टाकली, वऱ्हाडचा कापूस बंदराकडे नेण्यासाठी. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलं आणि १९९४ पर्यंत धावलं. कापूस मँचेस्टरला जायचा, इंजिन मँचेस्टरहून आलं. एवढ्या एका वाक्यावर तास उभा राहतो.

शिक्षकानं पुठ्ठ्याची टोपी घालावी आणि कंपनीचा नवखा साहेब व्हावं. “हा कापूस झाडावर चढून काढतात काय?” पोरं हसतील आणि मग साहेबाला शिकवू लागतील. पऱ्हाटी, बोंड, वेचणी, सरकी, जिनात रुई कशी निघते, गाठ कशी बांधतात. यातलं निम्मं शिक्षकालाही ठाऊक नसेल, आणि तेच बरं. एखादी मुलगी शेतकरीण होऊन विचारेल, “साहेब, गाडी आली ते बरं झालं, पन कापसाचा भाव कोन ठरवते?” इथे शिक्षकानं उत्तर द्यायचं नाही. अडतीवाला, जिनवाला, गार्ड झालेल्या पोरांकडे पाहून गप्प बसायचं.

त्या मुलीचं वाक्य वऱ्हाडीत आहे, हेही बघा. एरवी ‘काहून’, ‘मले’ म्हटलं की वर्गात दुरुस्ती होते; दोनदा दुरुस्ती झाली की पोरगं तिसऱ्यांदा हात वर करत नाही. भूमिकेत मात्र शेतकरीण प्रमाण मराठी बोलली तर खोटी वाटेल. म्हणून घरची बोली न लाजता वर्गात येते. नंतर तोच प्रसंग वहीत बातमीसारखा लिहायला सांगितला, की प्रमाण भाषेचाही सराव होतो. मला विचाराल तर या पेपरची खरी कमाई हीच.

तयारी मात्र लागते. भूमिका घेतल्याची आणि सोडल्याची खूण ठरलेली हवी; टोपी काढली की साहेब संपला. साठ पोरांच्या वर्गात सगळ्यांना पात्रं मिळत नाहीत, तेव्हा उरलेल्यांना भाव ठरवणारी पंचायत करावं. आणि अध्यापक महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी आधी स्वतः टोपी घालून दाखवावी. ‘नाट्यीकरण’ या विषयावर फळ्यासमोर दीड तास दिलेली व्याख्यानं मी ऐकली आहेत.

पुढच्या आठवड्यात भुलाबाई : गाणी झाल्यावर खिरापत ओळखायचा खेळ पहिलीच्या वर्गात कसा आणायचा, ते पाहू. घरी कुणाला टिपऱ्यांचा ठेका येत असेल, तर तोवर शिकून ठेवा.