पिस्तुलांतील काजळी व अडकलेलें काडतूस

वस्तीवर राहणाऱ्या बागाइतदारांपैकीं कित्येकांपाशीं आत्मरक्षणासाठीं परवान्याचें .३२ बोअरचें पिस्तूल असतें. तें क्वचित् वापरांत येतें व एरव्हीं पेटींत पडून असतें. अशा शस्त्राविषयीं एक भय असें कीं, तें ऐन वेळीं अडेल. त्याहून मोठें भय असें कीं, अडलेलें पिस्तूल रिकामेंच आहे अशा समजुतीनें माणूस तें हातांत फिरवील. पिस्तूल कां अडतें हें नीट कळलें म्हणजे दोहोंचाही बंदोबस्त करतां येतो.

प्रथम यंत्राची रचना पाहूं. हें काडतूस जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराच्या योजनेनें १८९९ मध्यें प्रचारांत आलें. चाप ओढला कीं फायरिंग पिन काडतुसाच्या बुडाशीं असलेल्या टोपीवर आघात करते, टोपीनें दारू पेटते व गोळी नळींतून सुटते. त्याच वायूचा दाब रिकामी पुंगळी मागें लोटतो व तिच्याबरोबर वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागें जाते. पुंगळी बाहेर फेंकली जाते, आणि स्प्रिंगच्या जोरानें पुढें येणारी स्लाइड मॅगझिनमधील दुसरें काडतूस नळीच्या तोंडांत बसविते. या जातीच्या बहुतेक पिस्तुलांत स्लाइडला अडसर नसतो. तिचें वजन व स्प्रिंग यांवरच सारें काम चालतें. म्हणून थोडी चिकट काजळीही येथें विघ्न आणते.

ही काजळी म्हणजे नुसता धूर नव्हे. जळलेल्या व अर्धवट जळलेल्या दारूची राख, गोळीवरून घासून निघालेली धातु, आणि टोपींतील शिसें, बेरियम व अँटिमनी यांची भुकटी असें हें मिश्रण असतें. त्यांत जुनें तेल व शेतावरची धूळ मिळाली कीं वंगणाच्या जागीं घट्ट रांधा तयार होतो. जुन्या पद्धतीच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. त्याचा क्षार नळींत राहून ओलावा ओढून घेतो व गंज चढवितो. हा क्षार तेलानें जात नाहीं. पाण्यानें धुऊन, नळी पूर्ण कोरडी करून, मगच तेल द्यावें लागतें.

आतां लक्षणांवरून दोष कसा ओळखावा तें सांगतों.

चाप ओढला, खट् झालें, पण बार झाला नाहीं, तर पिस्तूल तसेंच निर्धोक दिशेकडे रोखून, बोट चापावरून काढून, निदान तीस सेकंद थांबावें. टोपी उशिरां पेटण्याचा संभव असतो. नंतर मॅगझिन काढून काडतूस बाहेर घ्यावें व टोपी पाहावी. खूण उथळ असेल तर पिनेच्या मार्गांत मळ आहे, स्प्रिंग थकली आहे किंवा स्लाइड पूर्ण मिटली नव्हती. खूण खोल असेल तर दोष बहुधा काडतुसाचा. तें ओलाव्यानें किंवा तेलानें निकामी झालेलें असतें.

बाराचा आवाज नेहमींपेक्षां मंद आला, तर पुन्हां चाप ओढूंच नये. गोळी नळींतच अडकलेली असूं शकते, आणि तिच्यामागें दुसरी सोडल्यास नळी फुटून हात किंवा डोळे जाण्याचा प्रसंग येतो. नळी मोकळी आहे अशी खात्री करून घेण्याचें काम कारागिराचें आहे.

रिकामी पुंगळी बाहेर न पडतां स्लाइडमध्यें उभी अडकली, तर पुंगळी ओढणाऱ्या आकड्याखालीं मळ सांचला आहे, काडतूस कमजोर आहे किंवा मनगट सैल धरलें गेलें आहे. स्लाइड पुढें येऊन थोडी उघडी राहिली, तर काडतूस बसण्याच्या जागेंत काजळी आहे असें समजावें. काडतुसें मॅगझिनमध्येंच अडत असतील, तर मॅगझिनचे ओठ वांकले आहेत का तें पाहावें. .३२ काडतुसाच्या बुडाला किंचित् कडा असते; वरच्या काडतुसाची कडा खालच्या कडेच्या मागें गेली तरीही तीं एकमेकांत गुंततात. भरतांनाच ही काळजी घ्यावी.

सफाईचा क्रम कधींही बदलूं नये. प्रथम मॅगझिन काढावें, मग स्लाइड मागें ओढून आंतील काडतूस काढावें व ती जागा डोळ्यांनीं पाहून बोटानें चांचपावी. हा क्रम उलट केला, तर स्लाइड मिटतांना मॅगझिनमधील नवें काडतूस नळींत शिरतें. मागाहून मॅगझिन काढलें तरी पिस्तूल भरलेलेंच राहतें. सर्व काडतुसें दुसऱ्या खोलींत ठेवूनच काम आरंभावें. शक्य असेल तेथें नळींत ब्रश मागच्या बाजूनें घालावा, काजळी विरघळविणाऱ्या द्रवानें ती सोडवावी व कोरड्या चिंधीनें पुसावी. स्लाइडच्या खांचांस तेलाचा पातळ हात पुरे. पिनेच्या मार्गांत, मॅगझिनमध्यें व काडतुसाच्या जागेंत तेल राहूं देऊं नये. काडतुसें कोरड्या डब्यांत ठेवावीं. चामड्याच्या पट्ट्यांत फार दिवस राहिलीं तर पितळेवर हिरवा कळंक चढतो.

काजळींतील शिसें विषारी आहे. म्हणून सफाई स्वयंपाकघरांत किंवा गोठ्यांत करूं नये, चिंध्या मुलांच्या व जनावरांच्या तोंडीं लागणार नाहींत अशा ठेवाव्या आणि हात साबणानें धुतल्यावांचून अन्नास शिवूं नये.

स्प्रिंग, आकडा व पिन यांस मालकानें कानस लावूं नये. १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वयें धंदा म्हणून शस्त्रदुरुस्ती करणारासही परवाना लागतो. अशाच कारागिराकडे पिस्तूल न्यावें. तोंवर तें रिकामें करून कुलुपांत ठेवावें, आणि पुन्हां हातीं घेतांना तें भरलेलें आहे असेंच धरून वरील क्रमानें तपासावें.