बाटलीला चिकटलेले शिसे

पिण्याच्या पाण्यात शिसे किती चालते? भारतीय मानकानुसार लिटरमागे जास्तीत जास्त ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे १०,००० लिटरच्या अख्ख्या टँकरमध्ये मिळून ०.१ ग्रॅम! इतके थोडे मोजायला महागडे यंत्र लागते हे खरे. पण आमच्या मते यंत्र हा या कामातला सोपा भाग. खरी परीक्षा नमुना घेतानाच होते.

पाण्याचेच पाहा. भरून ठेवलेल्या पाण्यातले शिसे हळूहळू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटते. आठवड्याने तपासले तर पाणी निर्दोष ठरते, आणि शाळेतली मुले तेच पाणी पीत राहतात. म्हणून आम्ही प्लॅस्टिकची बाटली आधी आम्लात भिजवून धुतो आणि नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून त्याचा सामू २ च्या खाली आणतो. पाणी नळ सोडताच घेतले की थोडे वाहू देऊन, हेही लिहून ठेवायचे. रात्रभर नळात थांबलेल्या पाण्यात शिसे जास्त उतरते.

रक्ताची तऱ्हा निराळी. त्यातले सुमारे ९९ टक्के शिसे तांबड्या पेशींत असते. तेव्हा नुसते सीरम तपासून उपयोग नाही, न गोठलेले पूर्ण रक्तच हवे. बोट टोचून थेंब घेतला तर कातडीवरची धूळही त्यात येते. म्हणून आकडा जास्त आला की शिरेतून रक्त घेऊन खात्री करतात. माती किंवा हळद मात्र आधी आम्लात तापवून विरघळवावी लागते.

पुढे यंत्रात ग्राफाइटच्या नळीत थेंबभर द्रावण तापवून शिशाचे अणू मोकळे करतात. ते २८३.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतात. किती शोषला, त्यावरून प्रमाण कळते.

प्रत्येक खेपेला आम्ही एक ‘कोरा’ नमुनाही चालवतो: तीच बाटली, तेच आम्ल, फक्त शुद्ध पाणी. त्यात शिसे दिसले तर ते प्रयोगशाळेतले! क्लेअर पॅटरसन या अमेरिकी शास्त्रज्ञाला उल्केतल्या शिशावरून पृथ्वीचे वय काढायचे होते, पण हवा, भांडी, आम्ले, सगळीकडून शिसे येत होते. ते निपटून काढल्यावर १९५६ मध्ये ४५५ कोटी वर्षे हे उत्तर त्याने प्रसिद्ध केले. मग एवढे शिसे येते कुठून, याचा तो मागे लागला. बराचसा माग पेट्रोलपाशी पोचला. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले.